किल्ली चोरीला गेली, कुलूप बदला

दवंडी

पूर्वी गावात काही कळवायचे असले म्हणजे दवंडी पिटत. कोतवाल चावडीपासून वेशीपर्यंत हिंडे. "ऐका हो ऐका!" असे कानी आले की हातातले काम टाकून माणसे दारात येत. नदीला पूर येणार आहे, गुरांत रोग आला आहे, उद्या शेतसारा भरायचा आहे, जी बातमी असेल ती लोक ऐकत आणि तिच्याप्रमाणे वागत. दवंडी ऐकून कोणी पळत सुटत नसे. आणि दवंडी ऐकून कोणी कानावर हातही ठेवत नसे.

आता दवंडी कमी झाली. पण फोनवर एक नवी दवंडी येऊ लागली आहे. आपण फोनवर काही उघडायला जातो, पासवर्ड घालतो आणि मध्येच एक चौकोन पुढे येतो. त्यात लिहिलेले असते की, तुम्ही आता घातलेला पासवर्ड फुटलेल्या माहितीत सापडला आहे, तो बदला.

हा चौकोन काय सांगतो? तो कोण दाखवतो? तो दिसला तर काय करावे? हे आज आपण पाहू.

एका ताईची गोष्ट

आमच्या संध्याकाळच्या वर्गात एक ताई येतात. नाव सांगू नका असे त्यांनीच म्हटले आहे, म्हणून सांगत नाही. ताई बचत गटाचे हिशेब ठेवतात. थोडे शिवणकामही करतात. एके दिवशी त्या वर्गात आल्या त्या तोंड उतरवूनच. आम्ही विचारले, "ताई, काय झालं?"

"माझं मेल उघडत नाही. पासवर्ड बरोबर घालते, तरी चूक आहे म्हणतंय."

"त्याआधी फोननं काही सांगितलं होतं का?"

ताई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "पंधरा दिवसांमागं एक चौकोन आला होता. पासवर्ड बदला म्हणत होता. मी तो बंद केला. वाटलं, माझ्याच हातून काही चुकीचं दाबलं गेलं. कुणाला सांगायची लाज वाटली."

झाले होते असे. शिवणकामाचे नमुने दाखवणाऱ्या एका वेबसाइटवर ताईंनी दोन वर्षांपूर्वी नाव नोंदवले होते. पासवर्ड लक्षात राहावा म्हणून मेलचाच पासवर्ड तिथेही दिला. त्या वेबसाइटची माहिती चोरीला गेली. ताईंचा मेलचा पत्ता आणि पासवर्ड चोराच्या हाती पडला. चोराने तोच पासवर्ड मेलला लावून पाहिला. कुलूप उघडले. आत शिरून त्याने नवा पासवर्ड घातला आणि ताई आपल्याच घराबाहेर राहिल्या.

ताईंच्या मुलीने नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. प्रवेशाचे पत्र त्याच मेलवर यायचे होते. फोनचा नंबर मेलला जोडलेला होता, म्हणून नऊ दिवसांनी मेल परत मिळाले. पत्र येऊन पडलेले होते. फी भरायला दोनच दिवस उरले होते. धावपळ करून पैसे भरले. थोडक्यात निभावले.

चौकोन आला त्याच दिवशी ताईंनी पासवर्ड बदलला असता तर यातले काही झाले नसते. म्हणूनच हा पाठ लिहावा असे आमच्या मनात आले.

दोन शब्दांची ओळख

पासवर्ड म्हणजे किल्ली. मेल, दुकानाचे खाते, सरकारी अर्जाचे खाते, अशी प्रत्येकाची एक खोली असते. खोलीला कुलूप असते. पासवर्ड घातला की ते उघडते.

ब्राउझर म्हणजे फोनमधली खिडकी. तिच्यातून आपण निरनिराळ्या वेबसाइट पाहतो. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही ब्राउझरांची नावे आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ फोनमध्ये क्रोम असतो. लाल, पिवळा, हिरवा असा गोल आणि मध्ये निळा ठिपका, ही त्याची खूण.

आपण पासवर्ड घातला की ब्राउझर विचारतो, "हा जपून ठेवू का?" आपण हो म्हटले की तो पासवर्ड आपल्याजवळ ठेवतो. ही जणू किल्ल्यांची जुडीच.

पासवर्ड फुटतो कसा?

कोणी म्हणेल, "मी तर माझा पासवर्ड कुणालाच सांगितला नाही. मग तो फुटला कसा?"

प्रश्न बरोबर आहे. दोष आपला नसतो. आपण ज्या वेबसाइटवर नाव नोंदवतो, तिला आपला पासवर्ड ओळखता यावा लागतो. तशी नोंद तिच्याकडे असते. एकाची नव्हे, लाखो माणसांची. ती वहीच चोराने नेली म्हणजे सर्वांचे पासवर्ड एकदम फुटतात.

असे मोठमोठ्या कंपन्यांतही घडले आहे. अमेरिकेत रॉकयू नावाची एक कंपनी होती. २००९ सालच्या डिसेंबर महिन्यात तिची वही चोरीला गेली. तिच्यात ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड होते, आणि ते जसेच्या तसे लिहून ठेवलेले होते. लोकांनी पाहिले तर काय? जवळजवळ २ लाख ९० हजार माणसांनी एकच पासवर्ड ठेवला होता. तो होता १२३४५६. एवढ्या माणसांच्या घराला एकच किल्ली!

याहू ही कंपनी तर साऱ्या जगाला ठाऊक होती. २०१३ साली तिची माहिती चोरीला गेली. पण ही गोष्ट लोकांना कळली २०१६ साली. त्या वेळी कंपनीने सांगितले की १०० कोटी खाती फुटली. २०१७ साली पुन्हा सांगितले की १०० नव्हे, सारीच्या सारी ३०० कोटी खाती फुटली होती.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. चोरी आज होते आणि बातमी वर्षांनी येते. तेव्हा चौकोन दिसला की "बघू नंतर" म्हणू नये. चोर आपल्या पुढे कधीच निघालेला असू शकतो.

दाणे आणि पीठ

चांगल्या वेबसाइट पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवत नाहीत. मग काय करतात? जाते आठवा. जात्यात दाणे घातले की पीठ पडते. पिठावरून पुन्हा दाणे करता येत नाहीत. तसेच इथे आहे. पासवर्ड गणिताच्या जात्यात घालतात आणि बाहेर येते ते पीठ लिहून ठेवतात. आपण पुन्हा पासवर्ड घातला की तो पुन्हा दळतात. दोन्ही पिठे जुळली की दार उघडते.

"मग चोराला पीठ मिळालं तर काय बिघडलं?" असे वाटेल. पण चोरही लबाड असतो. तो १२३४५६ दळून पाहतो. राम, सीता, गणपती अशी नावे दळून पाहतो. जन्मतारखा दळून पाहतो. त्याचे यंत्र एका क्षणात लाखो शब्द दळते. त्यातले एखादे पीठ चोरलेल्या पिठाशी जुळले की त्याला दाणे कळतात.

लिंक्डइन या कंपनीची माहिती २०१२ साली चोरीला गेली. तिथे पीठच होते, तरीही चोरांनी पुष्कळ पासवर्ड शोधून काढले. म्हणून पासवर्ड आखूड आणि सोपा नसावा.

एकदा पासवर्ड हाती लागला की चोर तेवढ्यावर थांबत नाही. तेच नाव आणि तोच पासवर्ड घेऊन तो दारोदार हिंडतो. मेलला लावून पाहतो, दुकानाला लावून पाहतो. हे कामही यंत्रच करते. आपण साऱ्या कुलपांना एकच किल्ली ठेवली असली तर सारी घरे त्याला मोकळी होतात.

ब्राउझरला हे कळते कसे?

चोरलेल्या याद्या चोर एकमेकांना विकतात. पुढे त्या उघड्यावर येतात. काही चांगली माणसे त्या जमा करतात, ती लोकांना सावध करावे म्हणून. ऑस्ट्रेलियात ट्रॉय हंट नावाचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी २०१३ साली 'हॅव आय बीन पोन्ड' नावाची वेबसाइट काढली. तिथे आपला मेलचा पत्ता लिहिला की तो कोणकोणत्या चोरीत सापडला ते दिसते. त्याला पैसे पडत नाहीत.

पुढे ब्राउझर काढणाऱ्यांनीही हे काम हाती घेतले. क्रोममध्ये ही सोय २०१९ साली आली. सफारीत २०२० साली आणि एजमध्ये २०२१ साली आली. फायरफॉक्सही असा इशारा देतो आणि त्यासाठी ट्रॉय हंट यांच्या यादीचा उपयोग करतो.

आमच्या वर्गात एका बाबांनी विचारले, "म्हणजे माझा पासवर्ड हे लोक वाचतात की काय? मग चोरात आणि यांच्यात फरक तो काय?"

बाबांनी मोलाचा प्रश्न विचारला. याचे उत्तर असे आहे.

ट्रॉय हंट यांच्या यादीत पासवर्ड शोधायचा असला तर आपले यंत्र आधी तो घरीच दळते. त्याचे ४० अक्षरांचे पीठ होते. त्यातली पहिली ५ अक्षरेच बाहेर पाठवतात. तिकडून त्या ५ अक्षरांनी सुरू होणारी शेकडो नावे येतात. त्यांत आपले पीठ आहे की नाही ते आपले यंत्र घरीच पाहते. म्हणजे नेमका कोणता पासवर्ड शोधला हे पलीकडच्याला कळत नाही. चावडीवर जाऊन "सखाराम फुटलाय का?" असे न विचारता, "स पासून सुरू होणारी सारी नावे द्या, मी घरी पाहतो" असे म्हणावे, तसे हे आहे. क्रोमची रीत थोडी वेगळी आहे, पण हेतू तोच. पासवर्ड कुलूपबंद करूनच पाठवला जातो. तो गूगललाही वाचता येत नाही.

चौकोन दिसला तर काय करावे?

पहिली गोष्ट, घाबरू नका. चौकोन दिसला म्हणजे पैसे गेले असे नव्हे. किल्लीची नक्कल कुणाच्या तरी हाती लागली आहे, एवढाच त्याचा अर्थ. अजून कुलूप बदलता येते.

दुसरी गोष्ट, लाजू नका. घरात कुणी जाणते असेल तर सांगा. चोरी दुसरीकडे झाली आहे. तुमच्या हातून काही मोडले नाही.

मग कामाला लागा. ज्या वेबसाइटचा पासवर्ड फुटला, ती स्वतः उघडा. आत जाऊन पासवर्ड बदला. नवा पासवर्ड अगदी नवा असावा. जुन्याच्या शेवटी १ जोडला म्हणजे तो नवा होत नाही. चोर ते आधी करून पाहतो.

नंतर आठवून पाहा, हाच पासवर्ड आणखी कुठे दिला होता? तिथेही बदला, आणि प्रत्येक ठिकाणी निराळा ठेवा. मेलचा पासवर्ड तोच असेल तर सर्वांत आधी मेलचा बदला. कारण मेल ही किल्ल्यांची किल्ली आहे. दुसऱ्या कोणत्याही खात्याचा पासवर्ड विसरला की नव्या पासवर्डची वाट मेलवरूनच जाते. मेल चोराच्या हाती, म्हणजे सारे चोराच्या हाती.

शेवटी मेलला दुहेरी कुलूप लावा. सेटिंग्जमध्ये दोन टप्प्यांच्या पडताळणीची सोय असते. ती चालू केली की नव्या फोनवरून कोणी आत येऊ लागला तर पासवर्डाशिवाय आणखी एक खूण मागितली जाते. ती खूण आपल्याच फोनवर येते. चोराजवळ पासवर्ड असला तरी तो दाराशीच अडतो.

चौकोनाची वाट न पाहता

चौकोन येईपर्यंत थांबायला हवे असे नाही. आपण होऊनही पाहता येते. क्रोम उघडा. वर उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक तीन ठिपके दिसतात. त्यांवर बोट ठेवा. सेटिंग्ज निवडा. तिथे पासवर्ड मॅनेजर दिसेल. त्यात तपासणीची जागा असते. ती उघडली की क्रोम आपली जुडी तपासतो आणि तीन गोष्टी सांगतो. कोणते पासवर्ड फुटले आहेत, कोणता पासवर्ड दोन-तीन ठिकाणी वापरला आहे आणि कोणता पासवर्ड कच्चा आहे. फुटलेले आधी बदला. मग बाकीचे सवडीने बदला. एका दिवसात सारे झाले पाहिजे असे नाही.

पण एक जपा. पासवर्ड आपल्याच फोनमध्ये जपून ठेवावा. दुसऱ्याच्या फोनवर किंवा सेवा केंद्रातल्या यंत्रावर "जपून ठेवू का?" असे आले तर नाही म्हणा. काम झाले की खात्यातून बाहेर पडा. आणि आपल्या फोनलाही पडद्याचे कुलूप असू द्या. नाहीतर सारी जुडी ओट्यावर ठेवल्यासारखे होईल.

खोटी दवंडी

आता सर्वांत सावध राहायचे ते इथे. खरी दवंडी आली की तिच्यामागून खोटीही येते. चोर खऱ्या चौकोनासारखा चौकोन काढून दाखवतात. "तुमच्या फोनला रोग झाला आहे", "तुमचे खाते बंद होणार", "या नंबरवर ताबडतोब फोन करा", असे त्यात लिहितात. कधी तसा संदेश पाठवतात, कधी फोन करून बोलतात.

खरा-खोटा ओळखायचा कसा? ब्राउझरचा खरा इशारा कुणाला फोन करायला सांगत नाही. तो पैसे मागत नाही. फोनवर आलेला ओटीपी मागत नाही. बँकेचा पिन मागत नाही. तो फक्त म्हणतो, पासवर्ड बदला.

तरीही शंका आली तर चौकोनावर बोटच ठेवू नका. तो बंद करा. मग वर सांगितल्याप्रमाणे तीन ठिपक्यांतून स्वतः आत जा आणि तपासणी पाहा. पासवर्ड जुडीत जपून ठेवलेला असला आणि इशारा खरा असला तर तो तिथेही दिसेल. पासवर्ड बदलायलाही संदेशातल्या वाटेने जाऊ नका. आपल्या नेहमीच्या वाटेने जा.

चुकून कुणाला ओटीपी दिला आणि पैसे गेले, तर गप्प बसू नका. १९३० या नंबरवर लगेच फोन करा. फोनवरच्या फसवणुकीची तक्रार नोंदवण्यासाठी तो सरकारने ठेवला आहे. आपल्या बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवून धरण्याची आशा अधिक.

इशारा आला नाही तर?

काही जण म्हणतात, "मला कधी चौकोन आला नाही. म्हणजे माझं सारं ठीक आहे." तसे म्हणता येत नाही. जी चोरी अजून उजेडात आली नाही, तिची खबर ब्राउझरलाही नसते. जो पासवर्ड आपण ब्राउझरमध्ये घातलाच नाही, तोही त्याला ठाऊक नसतो. राखणदार चांगला आहे, पण त्याला जेवढे दिसते तेवढेच तो सांगणार. म्हणून मुळात किल्लीच पक्की करावी.

पक्की किल्ली कशी असावी? लांब असावी. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले तर पासवर्ड लांब होतो आणि ध्यानातही राहतो. जसे, विळा-चिंच-टांगा-पाऊस. मात्र हाच घेऊ नका. तो आता या पुस्तकात छापला गेला. आपले चार शब्द आपण शोधा. नाव, गाव, मुलांच्या जन्मतारखा, फोनचा नंबर त्यात नसावा.

आणि एवढे पासवर्ड लक्षात कसे ठेवायचे? ब्राउझरच्या जुडीत ठेवा. नाहीतर एका वहीत लिहा आणि जमिनीचे कागद जिथे ठेवता तिथे ती वही ठेवा. दूर देशीचा चोर आपल्या पेटीतली वही वाचू शकत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वही पुष्कळ बरी. बँकेचा पिन मात्र वहीतही लिहू नये, मनातच ठेवावा.

ताईंनी आता वही केली आहे. मेलला दुहेरी कुलूप लावले आहे. बचत गटाच्या बैठकीत त्यांनी आपली गोष्ट सर्वांना सांगितली. ती ऐकून दोघी बायकांनी आपापले फोन पुढे केले. दोघींनाही तो चौकोन येऊन गेला होता. दोघींनीही लाजेने तो बंद केला होता.

तुमच्या फोनवर तो आला होता का? आठवून पाहा.

लक्षात ठेवा

इशारा आला तर घाबरू नका, लपवू नका.
आधी मेलचा पासवर्ड बदला, मग बाकीचे.
प्रत्येक कुलपाला निराळी किल्ली ठेवा.
ओटीपी आणि पिन कुणालाही सांगू नका.
पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करा.

सांगा पाहू

१. ताईंचा पासवर्ड कुठून फुटला? मग मेल का उघडले?
२. पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत, तरी चोराला पासवर्ड कसा कळतो?
३. खरा इशारा कोणत्या गोष्टी कधीच मागत नाही?
४. तुमचा एकच पासवर्ड किती ठिकाणी आहे? घरी जाऊन मोजा आणि उद्या वर्गात सांगा. पासवर्ड मात्र सांगू नका!